रेड रोडर्स वरातीला निघतात

आमचे बाबा एकेकाळी पॉपस्टार होते, आणि ही गोष्ट अख्ख्या डिचोलीत फक्त चार माणसांना ठाऊक होती. ते चौघेही त्यांच्याच बँडमध्ये होते.

बँडचं नाव 'रेड रोडर्स'. बाबा गिटार वाजवत आणि त्यांचा मित्र आंतोन ड्रम. पुढे बाबा खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले, आंतोनने पावाची भट्टी घातली आणि बँड माळ्यावर गेला.

गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. जो तो आपला वारसा शोधत होता. मी कॉलेजात होतो. मला तो घरातच सापडला. देवळाच्या मंडपात मी बँडचा कार्यक्रम ठरवला आणि प्रसिद्धीप्रमुखही मीच झालो. (दुसरं कोणी तयार नव्हतं.) रिक्षाला भोंगा बांधून पार पेडण्यापर्यंत ओरडत गेलो की, डिचोलीचा गाजलेला बँड परत येतोय! कसला बँड, ते सांगायचं राहिलं.

त्याच आठवड्यात पेडण्याचे एक गृहस्थ दारात हजर. बाबा ट्रकवर, मी कॉलेजात. त्यांच्या भाच्याचं लग्न होतं आणि वरातीला बँड हवा होता. आईला वाटलं, मुलाची जाहिरात फळली. तिने सुपारीचा नारळ घेऊन टाकला.

बाबा घरी येऊन भडकलेच. आम्ही कलाकार, वरातीत वाजवणार नाही, म्हणाले. आई भाकरी थापत म्हणाली, "नारळ घेतलाय. त्या पोराची वरात आता मुकी काढायची का?"

बाबा माळ्यावर चढले.

विजेची गिटार रस्त्यात वाजवायची कशी, हा प्रश्न होता. बाबांनी मालकाकडून ट्रकच मागून आणला आणि भोंग्याचं मशीन त्याच्या बॅटरीला जोडलं. ट्रक धुण्याचं काम माझ्याकडे होतं. मी तो बाहेरून धुतला.

पेडण्यात नवरदेव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत ट्रकमागे उभा राहिला. ट्रकवर बसलेल्या आंतोनने ड्रमवर पहिला दणका दिला आणि हौद्याच्या फटींतली सगळी खाणमाती वर उडाली. नवरदेव लाल, करवल्या लाल, भटजी तर ओळखू येईनात. वाजवणं थांबलं. बाबांचा चेहरा पडला.

तेवढ्यात नवरदेवाचे मामा, म्हणजे तेच गृहस्थ, डोळे चोळत पुढे आले. "कित्याक थांबलात? गुलाल तर उडवलात, आता वाजवा मरे!"

मग काय, बाबांना येत होती ती सगळी इंग्रजी प्रेमगीतं वाजली आणि पेडण्याच्या बायांनी त्यांवर फुगड्या घातल्या. परतताना बाबा गाडी चालवत गुणगुणत होते. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

मंडपातला कार्यक्रम झालाच नाही. लग्नांतून सवड मिळेना. काही वर्षांनी माझं स्थळ घेऊन आम्ही फोंड्याला गेलो. मुलीच्या वडिलांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली आणि उत्तरं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मग बाबांकडे निरखून पाहत म्हणाले, "तुम्ही रेड रोडर्समधले?"

बाबांनी मान डोलावली.

"मग अगोदर सांगायचं की," ते म्हणाले. "मुलगा कसाही असो, चालेल."