पाणी तोडलेला वाफा

आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकविण्यात गेले. माणसांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे जाणून वाचकांची आधीच क्षमा मागते. टेंभुर्णीजवळच्या आमच्या कॉलेजच्या रोपवाटिकेतले मामा आठवले, की प्रथम त्यांचा हात दिसतो. लेकराचा ताप पाहावा तसा पालथा हात ते पानाला लावीत आणि म्हणत, "बराबर हाय."

अर्धे आयुष्य मेंढरांमागे हिंडून मामा आमच्याकडे माळी म्हणून आले होते. मी बेचाळिसाव्या वर्षी, भीतभीतच, पीएच.डी.ला नाव नोंदवले. विषय अश्वगंधा, मामांची ढोरगुंज. पाणी तुटले, की पेशीतली काही प्रथिने जागी होऊन ती बातमी पुढे पोचवतात. त्यांना कायनेज म्हणतात. त्यांतल्या एकाचे जनुक मला ओळखायचे होते.

"म्हंजे झाडात बी सांगावा घेऊन पळणारं कुणी हाय?" मामांनी विचारले.

"आहे, मामा."

"आन् ते हुडकायला तुमी झाड उपाशी मारणार."

"तहानलेले ठेवणार. बारा दिवस."

"येकच झालं की, बाई!"

दोन वाफे केले. एकाला रोज पाणी, दुसऱ्याला बारा दिवस थेंबही नाही. तेराव्या सकाळी पाने खुडून, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत घालून मी ती औरंगाबादच्या प्रयोगशाळेत नेई. तिथे दोन्ही वाफ्यांची पाने सारखीच निघत. कोरड्या वाफ्यातले ते जनुक जणू गाढ झोपेत होते. पहिल्या हंगामात मी माझ्या हातांना दोष दिला, दुसऱ्यातही. मार्गदर्शक म्हणाले, आता शेवटचा हंगाम. नाहीतर नोंदणी रद्द.

तिसऱ्या पेरणीआधी मी विचारले, "कोरड्या वाफ्यातली पाने सुकत कशी नाहीत हो, मामा?"

मामांनी पटका सोडून मांडीवर ठेवला. "रागावू नका, बाई. सांजंला तांब्या-तांब्या देत गेल्तो."

"दोन्ही वर्षं?"

"मेंढरं तहानलेली ठिवून मी कधी भाकर खाल्ली न्हाई. ही तर बिचारी जागची हलू बी शकत न्हाईत."

मी बियांची पुडी उघडून दोन वाफे पुन्हा आखायला घेतले.

पाणी तोडायच्या दिवशी मामा पिशवी घेऊन उभे. "वडीगोद्रीला लेकीकडं जातो. हितं असलो तर माझा हात ऱ्हायचा न्हाई."

मग वाफ्याकडे पाहणे मलाच जड जाऊ लागले. टळटळीत दुपारी पाने हळूहळू मिटत, आणि सारे रान कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखे वाटे. दहाव्या दिवशी निरोप आला: मामा झोपेतच गेले. मी वडीगोद्रीला गेले. लेक म्हणाली, "रोज इचारायचे, मॅडम, बारा दिवस झाले का म्हणून."

तेराव्या सकाळी मी एकटीने पाने खुडली. काही दिवसांनी प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत, जांभळ्या प्रकाशाखाली, नारिंगी रेघ उमटली. फक्त कोरड्या वाफ्याची. ते जनुक जागे झाले होते.

प्रबंधात पहिल्या दोन हंगामांचे कारण द्यावे लागते. मार्गदर्शकांनी वाक्य सांगितले, मी लिहिले: 'सिंचनातील त्रुटीमुळे नमुने रद्द केले.' शास्त्राच्या दृष्टीने ते बिनचूक आहे. मामा त्यात कुठेच नाहीत.

तुम्ही माझ्या जागी असता, तर काय लिहिले असते?