टाळूतलं भोक

औंढ्याजवळच्या एका खेड्यात द्वारकाबाईनं वीस वर्षं बाळंतपणं केली. लेकरू जन्मलं म्हणून ती लगेच उठायची नाही. त्यानं दूध ओढलं, गिळलं, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच घरी जायची. बहिणीची विधवा लेक शालूबाई पाच वर्षं तिच्या हाताखाली होती. द्वारकाबाईनं तिला पोटच्या पोरीसारखं शिकवलं.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात रुख्मिणीबाई पाटलिणीची सून शकुंतला बाळंत झाली. मुलगा झाला. पण तो छातीशी लागायचा, दोनदा चोखायचा नि रडत सोडून द्यायचा. दूध नाकातून परत यायचं. घरातल्या बायका दृष्ट काढायला लागल्या.

द्वारकाबाईनं हात धुतले, करंगळी बाळाच्या तोंडात हळूच फिरवली. मग दिवा जवळ घेऊन शालूलाही दाखवलं. ओठ धड होते, आत टाळूला भोक होतं.

"लेकराला भूक बराबर हाय," ती म्हणाली, "पर तोंडात हवा धरत न्हाई, म्हणून दूध ओढता येत न्हाई."

तिनं शकुंतलेला वाटीत दूध पिळायला लावलं. बाळाला उभं धरलं आणि चोचीच्या बोंडल्यानं थेंब थेंब पाजलं. एक घोट गिळला की थांबायचं, श्वास घेऊ द्यायचा, मग पुढचा. चार दिवसांत बाळ रडून थकायचं थांबलं, अंगाला टवटवी आली. "जरा सावरला की हिंगोलीला डाक्टरला दाखवा," तिनं सांगितलं.

पाटलीण मात्र धुमसत होती. "आमच्या घराण्यात असं कुनालाच न्हाई. हे भोक आलं कुठून? दाईच्या बोटानं तर न्हाई पडलं?"

पाचव्या दिवशी तिनं दोघींना ओसरीवर उभं केलं. द्वारकाबाई निर्धास्त होती. "शालू, तू व्हतीस नं? सांग, जल्मतःच होतं म्हणून."

शालूबाईनं मान खाली घातली. "मावशीनं बोट घातलं व्हतं. मला तेवढंच ठावं."

"काहून गं?" द्वारकाबाईच्या तोंडून एवढंच निघालं. द्वारकाबाईला त्याच पावली बाहेर काढलं. शालूला त्या घरात राहायला खोली मिळाली, पोराला पाजायचं कामही मिळालं. तिनं सगळं मावशीनं शिकवलं तसंच केलं. पोरगं जगलं. गावातल्या निम्म्या घरांनी द्वारकाबाईला बोलावणं सोडलं.

पोर दोन वर्षांचं झाल्यावर हिंगोलीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, भोक जन्माचंच आहे. पाटलिणीनं गड्याच्या हाती लुगडं पाठवलं, स्वतः आली नाही. द्वारकाबाईनं ते तसंच परत केलं.

मग एका दुपारी शालू दारात आली. "मावशी, मला कुठं ठिकाणा नव्हता. त्या घरात जागा भेटत होती."

"माझ्या घरात नव्हती व्हय?"

द्वारकाबाईनं तिला पाणी दिलं नि पाठ फिरवली.

पुढं तांड्यावरच्या जिवनबाईचा नातू दूध ओढेना, तेव्हा द्वारकाबाई तीन दिवस तिथं राहिली. पोर पिऊ लागल्यावर जिवनबाईच्या सुनेनं हे काम शिकवायची गळ घातली. पुढच्या पाजण्याच्या वेळी द्वारकाबाईनं तिला खोलीबाहेर जायला सांगितलं आणि एकटीनंच पाजायला दार लावून घेतलं.