खाडीतले शेवटे, तपासणीसाठी

मालवणजवळच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. खाडीतल्या माशांत शिसं, कॅडमियम असे जड धातू आहेत का, हे आम्ही दोन वर्षं तपासतोय. रिपोर्ट एका फाईलीत मावतात. किस्से मात्र चहाला बसलं की रोज कुणीतरी नवा काढतो!

* * *

पहिल्या दिवशी मासे कापायला आमचे लॅब अटेंडंट नाना घरची विळी घेऊनच आले. विभागप्रमुख मॅडमनी त्यांच्या हातात प्लास्टिकची सुरी दिली. धातूचं पातं लागलं तर रिझल्ट चुकतो, हे समजावलं.

नाना सुरी उलटसुलट बघत म्हणाले, "म्हणजे लोखंडान मासो बाटता?"

मॅडमचा नाइलाज झाला. "हो नाना. बाटतो!"

* * *

मासे ओव्हनमध्ये वाळवून आम्ही त्यांची पूड करतो. एकदा नेमकी त्याच दिवशी कॉलेजची तपासणी करायला समिती आली. व्हरांडाभर वास! समितीतले एक साहेब मॅडमना हळूच म्हणाले, "जेवणाची घाई नाही हं. पण मेनू कळला!"

"सर, त्यावर आता ॲसिड ओतायचंय."

साहेब दुपारी नुसता वरणभात जेवले.

* * *

मच्छीमारांच्या बैठकीत मी अर्धा तास स्लाइड दाखवल्या. शेवटी मागून एक म्हातारे उठले.

"सर, इतके जड धातू आसत, तर काट्यार मासो वजनाक कमी कित्याक भरता?"

सगळे हसले. मीसुद्धा.

* * *

गेल्या महिन्यात खाडीच्या एका टोकाला मिळणाऱ्या शेवटे जातीच्या माशांत शिसं मर्यादेपेक्षा जास्त निघालं. मॅडम स्वतः मासे विकणाऱ्या बायकांना भेटल्या. "पुन्हा तपासेपर्यंत गरोदर बायांना आणि मुलांना हे देऊ नका."

आमचे सॅम्पल जिच्याकडून येतात, ती पार्वतीकाकी भरलेली पाटी उचलून घरी निघून गेली.

* * *

परवा दुसऱ्या तपासणीचे मासे आणायला मी काकीकडे गेलो. तिने शेवटे पिशवीत घातले. मग पदराखालून एक डबा काढून माझ्या हातात दिला. गरम होता.

"काकी, हे काय?"

"त्याच माशांचा कालवण. शिजवल्यार तां शिसां जाता काय, तुमच्या मशीनीत बघा."

"बघतो. पण रिपोर्टला पंधरा दिवस लागतात."

"पंधरा? सर, लवकर बघा मां! सुनेक सातवो लागलो आसा. ती थंय ताट घेवन बसली आसा!"