पलीकडच्या पायरीवरचा

फुटबॉलचा सामना बघताना तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. आमच्या शिवाजी पेठेच्या पोरांनी गोल मारला की हात सुटू बघायचे, आणि तो आणखी घट्ट बसायचा. कारण बसलेला असायचा विरुद्ध पेठेच्या लोकांत. कोल्हापुरात माणूस एकवेळ सोयरीक मोडेल, पण मैदानावरची आपल्या पेठेची बसायची पायरी बदलणार नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

मी वकिलांचा कारकून, तो टेम्पोवाला. लहानपणापासूनच्या दोस्ताच्या नादानं शिरोळकडच्या मळ्यांतले पाण्याचे पंप चोरायला गेला. दोस्त म्हणजे आमच्या संघाचा जुना गोलकीपर. झटापटीत राखणदाराचा डोळा गेला आणि दोघेही सापडले. पुढं हा माफीचा साक्षीदार झाला. स्वतःसकट सगळ्यांचं खरं सांगायचं, बदल्यात शिक्षा माफ. अर्ज मीच टाइप केला. दोस्ताला सात वर्षं लागली.

पेठेनं त्याला शिवी दिली नाही की हात लावला नाही. फक्त पुढच्या सामन्याला तो आला तेव्हा कुणी सरकून जागा दिली नाही. थोडा वेळ उभा राहिला, मग मैदानाला वळसा घालून पलीकडं गेला. मीही सरकलो नव्हतो. लिहिताना लाज वाटते.

कोर्टाबाहेर चहाला भेटला की म्हणायचा, "खरं सांगितलं, भावा. पण सुटलो बी की!"

"मग त्यात वाईट काय झालं?"

"त्या राखणदाराकडं बघून बोललो, का सुटायसाठनं, माझं मलाच कळंना. दोस्त सुटून आला की त्येलाच इचारतो. त्यो म्हणंल ते खरं."

एवढ्या एका उत्तरासाठी तो थांबला होता. मागच्या पावसाळ्यात काविळीनं गेला. खांदा द्यायला पलीकडच्या पायरीवरचीच माणसं जास्त होती. मैदानावर गेलो की मी अजून आधी त्याची जागा शोधतो. फार आठवण येते.

दोस्त या हिवाळ्यात सुटला. सामन्याला आला तेव्हा आमची सगळी पायरी त्याच्यासाठी सरकली. तो बसला नाही. मला म्हणाला, "कुठं बसायचा त्यो?"

मी बोट दाखवलं. त्याला विचारायचा राहिलेला तो प्रश्नही सांगितला.

"येडं हुतं," म्हणाला, आणि मैदानाला वळसा घालून चालायला लागला.

उत्तरार्धात आम्ही गोल मारला. पलीकडच्या त्या गप्प गर्दीत एकटाच माणूस उभा राहून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता.