मंगळागौरीला बसने

माझ्या आईवर अन्याय झाला. गेल्या श्रावणात, दुसऱ्या रविवारी, भर दुपारी, अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या व्हिलांच्या गल्ल्यांमध्ये. तो करणारं कुणी परकं नव्हतं. आपणच होतो. मराठी बायका, मराठी मंगळागौर, मराठी व्हॉट्सॲप ग्रुप.

मंगळागौर मंगळवारची, पण इथे सुट्टी रविवारी, म्हणून गौरही रविवारी. यजमानीणबाई अबू धाबीच्या. व्हिला मोठी, हॉल थंडगार. आईकडे सुपाचा खेळ होता: हातात सूप घेऊन गिरक्या, उड्या, मध्येच दुसरीकडे फेकणं आणि झेलणं. हा खेळ त्या सगळ्यांत फक्त तिलाच येत होता. तिनेच तो बाकीच्यांना व्हिडिओ कॉलवर शिकवला. शारजाहच्या रोल्ला भागातल्या आमच्या एका बेडरूमच्या घरात सोफा भिंतीला सरकवून ती रोज संध्याकाळी नाचायची. खालचा मल्याळी शेजारी एकदा वर येऊन विचारून गेला, "दीदी, सब ठीक है ना?"

या देशात आल्यापासून आई कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी मम्मी होती. त्या ग्रुपवर तिला पहिल्यांदा काहीतरी वेगळं म्हणायला लागले. सूप मॅडम. ती तो मेसेज बाबांना दाखवायची. पुन्हा पुन्हा.

आमच्याकडे गाडी नाही, आणि बाबांना रविवारीही दुकानात ड्युटी असते. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू आम्हा दोघींना नेणार होत्या. सकाळी त्यांचा मेसेज आला: "सॉरी हं, सासूबाई येताहेत, गाडी फुल्ल झाली. तुम्ही कॅब कराल ना?" शारजाहहून अबू धाबीला कॅब! तेवढ्या पैशांत आमची महिन्याची भाजी येते.

"कळवून टाकते, जमत नाही म्हणून," आई म्हणाली.

"व्हाय? बस आहे ना."

"नऊवारी नेसून बसमध्ये?"

"नऊवारी नेसणं हा गुन्हा आहे का, आई?"

निघालो. आणि हे ठळक अक्षरांत लिहून ठेवते: बसने आम्हाला फसवलं नाही. बस वेळेवर आली, एसी चालू होता. ड्रायव्हर "यल्ला, लेडीज आगे" म्हणाला आणि पुढच्या सीटवरून एक बॅग उचलली गेली. शेजारच्या फिलिपिनो बाईने पिशवीतून डोकावणाऱ्या सुपाला बोट लावून विचारलं, "फॉर राइस?"

"फॉर डान्स," आई म्हणाली, आणि बसल्या बसल्या सूप धरून हात फिरवून दाखवले. ती बाई टाळ्या वाजवत हसली. त्या दिवशी आईचा सुपाचा खेळ झाला तो एवढाच.

अबू धाबीत उतरून दुसरी बस पकडली. आई सारखी घड्याळ बघत होती, निऱ्या सारख्या करत होती, पुन्हा घड्याळ बघत होती.

"पोचू ना गं?"

"इन्शाल्ला."

"तू इन्शाल्ला म्हणालीस की ते काम होत नाही."

स्टॉपवर उतरून मी यजमानीणबाईंना फोन लावला. मागे टाळ्यांचा आवाज होता. "स्टॉपपासून दोनच मिनिटं आहे हो, लोकेशन लावा आणि या. नाहीतर थांबा, कुणाला तरी पाठवते."

आम्ही थांबलो. कुणी आलं नाही. मग चालायला लागलो, आणि तेव्हा कळलं की ती दोन मिनिटं गाडीची होती. गाडीवाल्यांना पायांची मिनिटं माहीतच नसतात. एकाच रंगाच्या उंच भिंती, एकामागून एक. सावली नाही. मध्येच फुटपाथ संपून वाळू. लोकेशन आम्हाला गाडीच्या रस्त्याने अख्ख्या ब्लॉकला वळसा घालून नेत होतं. आईच्या चपलेत वाळू, कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत. शेवटी तिने सूप पिशवीतून काढलं आणि उन्हासाठी डोक्यावर धरलं.

"अजून किती?"

"ही गल्ली." हे मी प्रत्येक गल्लीत म्हणाले.

गेटबाहेर गाड्यांची रांग लागली होती. त्यातली एकही स्टॉपपर्यंत आली नव्हती.

दार उघडलं आणि कुणीतरी ओरडलं, "अगंबाई, वहिनी! सूप डोक्यावर? शेतातून आलात की काय!" सगळ्या हसल्या. आई त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसली. सुपाचा खेळ होऊन गेला होता, प्लॅस्टिकचे ट्रे घेऊन. "वाट पाहिली हो खूप," यजमानीणबाई म्हणाल्या, "पण केटररची माणसं जेवण मांडायला आली, मग खेळ उरकून घेतला, खलास. आता करता का थोडं? रील काढू."

"नको, धाप लागलीये," आई म्हणाली. सूप तिने चपलांच्या रॅकमागे उभं केलं आणि ताट वाढून घेतलं. तिच्या समोर बसून मीही मसालेभात खाल्ला. तेव्हा गिळलेला राग आज काढते आहे.

यंदाचं निमंत्रण परवा आलं. तीच व्हिला, तेच लोकेशन, खाली एक ओळ: पार्किंग भरपूर आहे. आईने उत्तर टाकलं, "गुडघे दुखतात, जमणार नाही." तिचे गुडघे ठणठणीत आहेत. कालच ती पिठाची पिशवी घेऊन जिन्याने वर आली.

तेव्हा तुम्ही, ज्यांच्या घरी यंदा काहीही आहे, गौर, गणपती, नुसता चहा, तुम्हाला सांगते. गाडीची किल्ली घरी ठेवा. जवळच्या बस स्टॉपवर जा आणि तिथून आपल्याच गेटपर्यंत दुपारच्या उन्हात चालत या. मग निमंत्रण लिहा. त्यात बसचा नंबर लिहा, आणि स्टॉपवर कोण घ्यायला येणार त्या माणसाचं नाव लिहा. आणि जी बसने निघाली आहे, ती पोचेपर्यंत सुरू करू नका.