सोडून दिलेल्या माद्या

माझ्या अभ्यासाचा खेकडा नखाएवढा. राखाडी पाठ, तिच्यावर पांढरे ठिपके, आणि डोळे काडीवर टोचल्यासारखे. खाडीच्या काठी भरतीच्या रेषेखाली तो एका अरुंद पट्ट्यात सापडतो. चार पावलं वर गेलं की नाही, चार पावलं खाली गेलं की नाही. तो पट्टा नकाशावर मांडायला मी दोन वर्षं कोकणात चिखल तुडवला. वाशिमची पोरगी आणि समुद्रातले खेकडे! गावात सगळे हसायचे. हसा म्हटलं.

प्रबंध लिहायला केनवडला घरी आले. शेवटच्या प्रकरणात माझा मोठा शोध होता: दोन वर्षांत अंडीवाली मादी एकही मिळाली नाही, म्हणजे या खाडीत त्याची वीण होतच नाही, तो बाहेरून येतो. गाईड मॅडमही खूश होत्या.

आई तूर निवडत बसली होती. मधेच उठून तिने माझ्या खेकड्यांच्या बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या.

"यात लेकुरवाळी एकबी नाई. काहून व?"

"मिळालीच नाही."

"मियाली नाई, का सोडली?"

"तुला काय कळतं त्यातलं?" मी फाडकन बोलले. आणि बोलता बोलताच आठवलं. आमच्याकडे बांधावर खेकडा धरला की आधी उलटा करायचा. पोटाखाली अंडी-पिलं दिसली की तिथंच सोडायचा. लेकुरवाळी कोणी घरी आणत नाही. हे मला आईनेच लहानपणी शिकवलेलं. खाडीतही मी सवयीनं, नकळत तेच करत आले होते. उलटा कर, बघ, सोड. वहीत नोंदसुद्धा नाही! एवढं शिकून ही अक्कल, कपाळ माझं.

मॅडमना फोन केला. "अगं, सोडल्यास तर सोडल्यास, मोजायच्या तरी होत्या!" प्रकरण गेलं. प्रबंध वर्षभर मागे पडला. मी ढसाढसा रडले.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना आई म्हणाली, "माह्याच्यानं झालं ना हे?"

मी नाही म्हणाले, पण माझं तोंड बघून तिला कळलंच.

"आता मी येतो तुह्या संग. मी धरतो, मीच सोडतो. तू निस्ती मोजत राहाजो."

आईने समुद्र कधी पाहिलेला नाही. वाशिमपर्यंतच्या एस.टी.तसुद्धा तिला उलट्या होतात.