पहिलीचा घास

हळ्ळीखेडच्या मल्लप्पाशी सिद्धव्वाचं लग्न झालं, ते त्याची पहिली बायको रत्नम्मा वारल्यावर. रिवाजाप्रमाणे मेलेल्या सवतीची आकृती उमटवलेला चांदीचा टाक तिच्या गळ्यात पडला आणि जेवणाआधी त्या टाकाला घास ठेवायचा नेम लागला. सिद्धव्वा भारी बोलघेवडी. कामाच्या भरात ती टाकाशीही गप्पा मारायची.

दुष्काळाच्या सालात फाल्गुनाचं ऊन तापलं आणि टाकाच्या दोऱ्याखाली, गळ्याभोवती काळा पट्टा उमटला. हातही मनगटापर्यंत काळे पडले. तोंड आलं, जुलाब थांबेनात. भर दुपारी रानात कुणीतरी मागून तिचं नाव घ्यायचं; वळून बघावं तर नुसती ज्वारीची धसकटं.

"पयलीनं गळा धरलाय तुजा," सासू म्हणाली. "तिला जास्ती वाढायलीस का न्हाई?"

सिद्धव्वा हबकली. घरात येणारं थोडंफार दूध, वरण, मूठभर शेंगदाणे ती टाकापुढं ठेवू लागली आणि मग गाईला घालू लागली. स्वतःला कोरडी भाकरी आणि मिरची. शहाण्यासुरत्या घरात हे चाललं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही! पट्टा आणखी काळवंडला. एका सकाळी ती "हे हात माजे न्हाईत, रत्नम्माचे हायत," म्हणत चुलीत हात घालायला निघाली, तेव्हा कुठं मल्लप्पानं तिला गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा पाहिला आणि ती काय खाते ते विचारलं.

"अन्नातून शक्ती काढायचं काम शरीरातली एन्झाइमं करतात," त्या म्हणाल्या. "पण पुष्कळ एन्झाइमांना जोडीदार लागतो, को-एन्झाइम. तो नसला की एन्झाइम असूनही काम अडतं. असा एक जोडीदार ज्या जीवनसत्त्वापासून बनतो, ते नुसत्या ज्वारीतून पुरेसं मिळत नाही. दूध, डाळ, दाणे हवेतच. नाहीतर ऊन लागणारी कातडी, आतडी, मेंदू, सगळं बिघडतं."

गोळ्या सुरू झाल्या, खाणं सुधारलं आणि सिद्धव्वाचं डोकं ताळ्यावर आलं. तिनं नवऱ्याला विचारलं, "अवो, रत्नम्मा कशानं गेली?"

मल्लप्पा खाली बघत म्हणाला, "तिचाबी गळा असाच काळा झालता. शेवटी मानसं वळकीना. बाधा हाय म्हणून आमी कोंडून ठेवलतं तिला. बाधा उतरावी म्हणून अन्नबी आमीच बंद केलतं."

इतके दिवस सिद्धव्वाला मेलेल्या बाईची भीती वाटली होती. आता मल्लप्पानं दुधाचा पेला पुढं केला, तर तो घ्यायला तिचा हात उचलेना.